जेम्स हटन : दोन थरांमधली रेघ वाचणारा शेतकरी

जिऑलॉजी हा आम्हा सिव्हिलवाल्यांचा सगळ्यात दुर्लक्षित विषय. दगडांचे दहा-पंधरा नमुने ओळखता आले आणि जर्नल वेळेवर सबमिट झालं की विषय संपला. मीही तसाच पास झालो. बेसाल्ट काळा, ग्रॅनाईट ठिपक्याठिपक्यांचा, संगमरवरावर ॲसिड टाकलं की फसफसतं, एवढ्याच भांडवलावर. या विषयावर मी मॅगझिनमध्ये लेख लिहीन असं कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो. पण गेल्या पावसाळ्यात मेसमध्ये एक वाद झाला, त्यात मी सगळ्यांसमोर हरलो, आणि त्या हरण्यामुळे जेम्स हटन नावाच्या माणसाशी माझी ओळख झाली. त्याचीच ही गोष्ट.

वाद असा. माझा रूम पार्टनर मेकॅनिकलचा. त्याने जेवताना मोबाईलवर एक इंग्रजी व्हिडिओ लावला. अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी 1980 साली फुटला. त्यानंतरच्या उद्रेकांत काही तासांत कित्येक मीटर जाडीची राख साठली, आणि तीसुद्धा वहीच्या पानांसारखी थरावर थर. 1982 साली चिखलाच्या एका लोंढ्याने त्यात खोल घळ कापली, म्हणून ते थर उघडे पडले. इथवर सगळं खरं आहे. पण व्हिडिओ पुढे म्हणत होता की ज्या अर्थी थर असे झटपट बनतात, त्या अर्थी जगातले सगळे थर एकाच महापुरात बनले, आणि पृथ्वीचं वय फार तर सहा ते दहा हजार वर्षं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सिव्हिलचा ना तू, सांग. मी छाती काढून सांगून टाकलं की हे अशक्य आहे, एकेक थर बनायला लाखो वर्षं लागतात. पार्टनरने शांतपणे व्हिडिओ मागे घेतला आणि ते राखेचे थर पुन्हा दाखवले. टेबलावर हशा पिकला. एकाने मध्येच पुराणातल्या कल्पाचा 432 कोटी वर्षांचा आकडा काढला, तर दुसऱ्याने तो तरी दगडात कुठे लिहिलाय म्हणून त्याला गप्प केलं. मी ताट उचलून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी जिऑलॉजीच्या सरांकडे गेलो. वाटलं, सर माझी बाजू घेतील. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तू हरलास ते बरोबरच झालं, कारण तुझं विधान चुकीचं होतं. थर एका दिवसात बनू शकतो हे कुठलाही भूशास्त्रज्ञ नाकारत नाही. प्रश्न थराचा नसतोच, दोन थरांच्या मध्ये काय झालं याचा असतो. एवढं बोलून त्यांनी मला हटनवर वाचायला सांगितलं. मी चिडलेला होतो, म्हणून वाचलं.

हटनचा जन्म 3 जून 1726 रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. वडील व्यापारी, शहराचे खजिनदारही होते, पण जेम्स तीन वर्षांचा असतानाच गेले. आईने वाढवलं. वयाच्या चौदाव्या वर्षी तो विद्यापीठात गेला. पुढे त्याला एका वकिलाकडे उमेदवारीला ठेवलं. तिथे हा पठ्ठ्या कागदपत्रं नकलायची सोडून बाकीच्या कारकुनांना रसायनांचे प्रयोग करून दाखवायचा. वकील भला माणूस, त्याने मुलाला दुसरं काहीतरी शीक असा सल्ला देऊन मोकळं केलं. त्या काळी रसायनाच्या जवळचं शिक्षण म्हणजे वैद्यकी. म्हणून हटन एडिंबरा, मग पॅरिस आणि शेवटी हॉलंडमधलं लायडन असं करत 1749 साली डॉक्टर झाला. प्रबंध रक्ताभिसरणावर होता. पण डॉक्टरकी त्याने कधी केलीच नाही! आपल्यातल्या ब्रँच बदलणाऱ्यांनी नाराज होऊ नये, एवढ्यासाठी हे मुद्दाम सांगतोय.

त्याचं आयुष्य काही आदर्श नव्हतं. त्याने लग्न केलं नाही, पण तरुणपणीच त्याला एक मुलगा झाला होता. त्याला तो पैशाची मदत करत राहिला, पण नातं लांबूनच ठेवलं. ही बाजू चरित्रातून वगळायची म्हटलं तर मग चरित्र कशाला लिहायचं?

पोटापाण्याची सोय मात्र रसायनानेच केली. जेम्स डेव्ही या मित्राबरोबर त्याने कोळशाच्या काजळीपासून नवसागर काढायची पद्धत बसवली. नवसागर तेव्हा धातूकामाला आणि रंगाईला लागायचा. त्या धंद्याने त्याला पुढे आयुष्यभर पैशाची चिंता राहिली नाही.

आणि मग तो शेतकरी झाला. बर्विकशायर परगण्यात स्लाईहाउसेस नावाची वडिलोपार्जित शेती होती. शेती कशी करतात हे शिकायला हटन आधी इंग्लंडमध्ये नॉरफोकला एका शेतकऱ्याच्या घरी जाऊन राहिला. 1754 च्या सुमारास तो आपल्या शेतावर आला आणि तेरा-चौदा वर्षं तिथेच रमला. चर खणणं, दगड वेचणं, बांध घालणं. या कामात त्याला एक गोष्ट दिसत राहिली. प्रत्येक पावसात शेतातली माती ओढ्याला लागते, ओढा ती नदीला देतो आणि नदी समुद्राला. आपल्याकडे पहिल्या पावसात नाल्याचं पाणी चहासारखं होतं ते सगळ्यांनी बघितलंय. बघितलंय सगळ्यांनी, विचार हटनने केला. माती अशी जातच राहिली तर एक दिवस जमीनच उरणार नाही. मग शेती कशावर करायची? आणि जमीन तर अजून आहे. याचा अर्थ नवी जमीन कुठेतरी तयार होत असली पाहिजे.

त्याने उत्तर असं मांडलं : समुद्रात गेलेली माती, वाळू, शिंपले तळाशी थरांनी साठतात, खाली दबून त्यांचा दगड होतो, पृथ्वीच्या पोटातली उष्णता तो दगड वर उचलते, त्याची जमीन होते, ती पुन्हा झिजते आणि पुन्हा समुद्रात जाते. हे चक्र चालूच. डोंगरावर शिंपले सापडतात ते यामुळेच.

1770 च्या आगेमागे तो एडिंबराला परत आला आणि आपल्या अविवाहित बहिणींबरोबर राहू लागला. मित्रमंडळी बघा : सुप्त उष्णतेचा शोध लावणारा जोसेफ ब्लॅक आणि अर्थशास्त्राचा बाप ॲडम स्मिथ. हे तिघं मिळून ऑयस्टर क्लब नावाचा गप्पांचा अड्डा चालवत. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉटही त्याचा मित्र. पृथ्वी म्हणजे उष्णतेवर चालणारं यंत्र ही कल्पना अशा संगतीत सुचली नसती तरच नवल, असं आपलं मला वाटतं. सिव्हिलवाल्यांसाठी आणखी एक : फोर्थ आणि क्लाईड या नद्या जोडणाऱ्या कालव्याच्या समितीवर हटन कित्येक वर्षं होता. कालव्याच्या खोदाईत जमिनीचं पोट उघडं पडतं, हे वेगळं सांगायला नको.

7 मार्च 1785 रोजी एडिंबराच्या रॉयल सोसायटीत त्याचा सिद्धान्त पहिल्यांदा वाचला गेला. पण हटन आजारी पडला, म्हणून निबंध ब्लॅकने वाचला. पुढचा भाग 4 एप्रिलला हटनने स्वतः वाचला. लोकांना पटला का? फारसा नाही. त्या काळी युरोपात दोन समजुती घट्ट होत्या. एक, आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर याने सतराव्या शतकात बायबलमधल्या वंशावळी मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व 4004 असा ठरवला होता, आणि तो आकडा इंग्रजी बायबलच्या समासात छापून यायचा. दुसरी, जर्मनीतल्या वेर्नर या मोठ्या खनिजशास्त्रज्ञाची शिकवण की जवळजवळ सगळे खडक, अगदी ग्रॅनाईटसुद्धा, एका आदिसागराच्या पाण्यातून तळाशी बसले.

हटन पुरावे शोधायला बाहेर पडला, तोही साठीच्या उंबरठ्यावर. 1785 मध्येच ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत त्याला ओढ्याच्या पात्रात तांबूस ग्रॅनाईटच्या शिरा दुसऱ्या खडकाला चिरून आत घुसलेल्या दिसल्या. म्हणजे तो दुसरा खडक आधीचा, आणि ग्रॅनाईट नंतर वितळलेल्या रूपात आलेला. पाण्यातून तळाशी बसलेली गोष्ट अशी चिरत वर जात नाही. हटनला इतका आनंद झाला की बरोबरच्या वाटाड्यांना वाटलं, याला सोन्याची नाहीतर चांदीची खाण सापडली.

पण खरी जागा सापडली 1788 साली. हटन तेव्हा 62 वर्षांचा. बरोबर चाळीस वर्षांचा गणिताचा प्राध्यापक जॉन प्लेफेअर आणि सत्तावीस वर्षांचा सर जेम्स हॉल. तिघं होडीत बसून बर्विकशायरचा किनारा धरून निघाले आणि सिकार पॉइंट नावाच्या खडकाळ टोकाला लागले. तिथे जे दिसलं ते एका आकृतीत मावतं. खाली करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे, शेल्फमध्ये पुस्तकं लावावीत तसे. त्यांची वरची टोकं झिजून कापलेली. आणि त्या टोकांवर तांबड्या वालुकाश्माचे थर थोडेसे कललेले, पुस्तकांच्या वर आडवं रजिस्टर ठेवावं तसे. तांबड्या थराच्या तळाशी खालच्याच करड्या खडकाचे तुकडे अडकलेले.

आता हे आपल्या भाषेत सांगतो. नेटवर्क डायग्राम काढताना आपण काय करतो? आधीचं काम संपल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही. सिकार पॉइंटला कामांची यादी अशी : करडे थर समुद्राच्या तळाशी आडवे साठले. त्यांचा कठीण दगड झाला. तो दाबाने दुमडून उभा झाला. वर उचलला जाऊन जमीन झाला. झिजून सपाट झाला. त्याचे तुटलेले तुकडे पडून राहिले. त्यावर नद्यांनी तांबडी वाळू आणून टाकली. तिचाही दगड झाला. तोही उचलला, कलला आणि आता समुद्र त्याला झिजवतोय. यातलं एकही काम मागेपुढे करता येत नाही, आणि दोन कामं एकावेळी उरकता येत नाहीत. मऊ गाळ उभा केला तर तो ढासळेल, आणि दगड झाल्याशिवाय त्याचे धारदार तुकडे पडणार नाहीत. हटनने आकडा सांगितलाच नाही, कारण आकडा काढायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. त्याने फक्त एवढं दाखवलं की सहा हजार वर्षांत हे बसत नाही. आज आपल्याला माहीत आहे की खालचा खडक सुमारे 43.5 कोटी वर्षांचा आणि वरचा सुमारे 37 कोटी वर्षांचा. मधली साडेसहा कोटी वर्षं त्या एका रेघेत आहेत.

आणि आता मेसमधला माझा पराभव. वाचता वाचता कळलं की सिकार पॉइंटच्या खालच्या करड्या खडकातले वाळूचे थर खरंच झटपट बनलेले आहेत! समुद्राच्या उतारावरून गाळाचा लोंढा खाली धावतो आणि एका झटक्यात थर टाकतो. असे लोंढे आजही येतात. 1929 साली कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्स भागात भूकंप झाला आणि समुद्रतळावरच्या तारायंत्राच्या केबल उताराकडे क्रमाने एकामागून एक तुटत गेल्या. 1952 साली तुटण्याच्या वेळा मांडून शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा गाळाच्या लोंढ्याचा प्रवास होता. म्हणजे हटनच्या पुराव्यातला एकेक थर काही तासांचाही असू शकतो, आणि तरीही त्याचा युक्तिवाद तसूभर हलत नाही. आपण स्लॅब एका दिवसात ओततो, म्हणून 28 दिवसांचं क्युरिंग रद्द होत नाही. व्हिडिओने थराचा वेग मोजला आणि तोच सगळ्या इतिहासाचा वेग म्हणून सांगितला. मी उलट चूक केली : इतिहास लांब आहे म्हणून प्रत्येक थरही हळू बनला असेल, असं ठोकून दिलं.

सेंट हेलेन्सच्या घळीचंही तेच. ती घळ सुट्या राखेत कापली गेली. मुरूम खोदायचा दर आणि कठीण खडक फोडायचा दर वेगळा असतो, हे एस्टिमेटिंगचा पेपर दिलेल्या कुणालाही माहीत आहे. आणि थर जर सावकाश साठले असतील तर ते तशा खुणा ठेवतात : उन्हाने तडकलेला चिखल, किड्यांची बिळं, जागच्या जागी मुळं, जुन्या मातीचा थर. चालू महापुराच्या तळाशी चिखल उन्हात वाळत नाही.

हटनचे शेवटचे दिवस कष्टात गेले. मूतखड्याच्या विकाराने तो अंथरुणाला खिळला. तशात 1793 साली रिचर्ड कर्वन या आयरिश शास्त्रज्ञाने त्याच्यावर जोरदार टीका केली, त्यात नास्तिकपणाचाही सूर होता. खरं तर हटन देव मानणारा होता. ही सृष्टी कुणीतरी शहाणपणाने, जीवांना जगता यावं म्हणून रचली आहे, असाच त्याचा विश्वास. प्लेफेअर लिहितो की टीका हातात पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हटनने पुस्तकाचं काम पुन्हा हाती घेतलं. 1795 मध्ये थिअरी ऑफ द अर्थचे दोन खंड आले. हजारावर पानं, भाषा किचकट, मध्ये पानंच्या पानं फ्रेंच उतारे. फार कुणी वाचलं नाही. 26 मार्च 1797 रोजी हटन गेला. एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत त्याला पुरलं. तिथे त्याच्या नावाची पाटी लागायला 1947 साल उजाडलं.

त्याला वाचवलं मित्रांनी. प्लेफेअरने 1802 मध्ये सोप्या भाषेत त्याचा सिद्धान्त लिहून काढला. हा प्लेफेअर प्राध्यापक होण्याआधी चर्चचा पाद्री होता, हे लक्षात ठेवा. हॉलने बंदुकीच्या नळीत चुनखडक बंद करून भट्टीत घातला आणि त्याचा संगमरवर करून दाखवला. हटनला असे प्रयोग पसंत नव्हते, म्हणून हॉल त्याच्या हयातीत थांबला होता. हटन मरण पावला त्याच वर्षी जन्मलेल्या चार्ल्स लायेलने 1830 पासून तीन खंडांत हा विचार जगभर नेला. 1831 साली ॲडम सेजविक या पाद्री भूशास्त्रज्ञाने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून जाहीर सांगितलं की गोट्यांचे सगळे थर नोहाच्या महापुराचे आहेत हे आपलं जुनं मत चुकीचं होतं. शेवटी 1956 साली क्लेअर पॅटरसनने उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढलं : सुमारे 455 कोटी वर्षं. आकडा असा यावा लागतो, दगडातून. आवडीच्या ग्रंथातून नाही, मग ग्रंथ कुणाचाही असो.

हटनही चुकला. त्याला वाटायचं की गाळाचा दगड मुख्यतः उष्णतेने होतो. आज आपल्याला माहीत आहे की दाबाने आणि कणांमध्ये साचणाऱ्या खनिजांच्या लेपाने तो होतो, थेट आपल्या सिमेंटसारखा. ती चूक सुधारणारेही दगडच बघत होते.

आता आपल्या नागपूरकडे येतो. हटनची शेती ज्या बर्विकशायरमध्ये होती, त्याच परगण्यातल्या डन्स गावी 1817 साली स्टीफन हिस्लॉपचा जन्म झाला. होय, ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे तेच. धर्मप्रचारासाठी 1845 साली ते नागपूरला आले आणि फावल्या वेळात दगड बघू लागले. नागपूरजवळ टाकळीला त्यांनी लाव्हाच्या दोन थरांमधल्या पातळ पट्ट्यातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख आणि वनस्पतींचे अवशेष गोळा केले. मिशनरी असूनही त्यांनी दगडात दिसलं तेच लिहिलं.

तसाच एक पट्टा बघायला सरांनी आम्हाला एका जुन्या खाणीत नेलं. मी पार्टनरला बळेच बरोबर घेतलं. खाली काळा बेसाल्ट, वर काळा बेसाल्ट, मध्ये हातभर पांढुरका, गारेसारखा कठीण थर, आणि त्यात नखाएवढे शंख. मी त्याला काही समजावलं नाही. त्याने एक तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग स्वतःच बोलत गेला. खालचा लाव्हा थंड झाला, त्यावर तळं साचलं, तळ्यात गोगलगायी आल्या, वाढल्या, मेल्या, आणि मग वरचा लाव्हा आला. लाव्हा झटपट आला असेल, गोगलगायींचं काय? सरांनी मान डोलावली आणि सांगितलं की दख्खनचा बहुतेक सगळा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दहाएक लाख वर्षांत ओतला गेला. भूशास्त्राच्या हिशोबात ही घाईच. घाई झाली तिथे भूशास्त्रज्ञ घाई म्हणतात.

परतताना पार्टनरने विचारलं की हे 6.6 कोटी नेमके मोजले कसे. मला पोटॅशियम-अरगॉन एवढेच दोन शब्द आठवले. या वेळी मी छाती काढली नाही. वाचून सांगतो म्हटलं. लायब्ररीतून पुस्तक आणलंय, रूममध्ये आळीपाळीने वाचतोय.

तुम्हीही घाटातून किंवा रस्त्याच्या कटिंगमधून जाल तेव्हा खिडकीतून जरा बघा. थर तर दिसतीलच. त्यांच्या मधली रेघही बघा.